औजार जपा, जात जपू नका! ऐरण, भाता आणि नाल यांचा लपवलेला इतिहास

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते एका ‘ग्रामसंस्कृती’ प्रदर्शनाला गेलो होतो. शेणाने सारवलेले अंगण, कौलारू पडव्या आणि प्रत्येक पडवीत एक पुतळा. लोहाराच्या पडवीत पिळदार दंडाचा एक पुरुष घण उगारून उभा होता. समोर ऐरण, बाजूला भाता, भिंतीला विळे-कोयते टांगलेले. शहरातून आलेली कुटुंबे ऐरणीवर हात ठेवून सेल्फी काढत होती. वर पाटी होती, बारा बलुतेदार कसे गुण्यागोविंदाने नांदत होते हे सांगणारी.

पुतळ्यांच्या त्या गावात महारवाडा नव्हता. मांगवाडा नव्हता. पालावरचा घिसाडी नव्हता, बैलाला पत्री मारणारा मुसलमान नालबंद नव्हता. औजारे मात्र खरी होती, कुणाच्या तरी घरातून भंगाराच्या भावाने उचललेली. ती पुतळ्यांपेक्षा जास्त खरे बोलत होती, फक्त ऐकणारे कुणी नव्हते.

जुन्या हत्यारांची आवड आज वाढते आहे. जुन्या बाजारात ऐरणी, सांडशा, घोड्याचे नाल हौसेने विकत घेतले जातात आणि दिवाणखान्यात मांडले जातात. आमचा त्याला विरोध नाही. उलट आम्ही म्हणतो, ही औजारे जरूर जपा. पण ती वाचायला शिका. श्रमिकांनी आपला इतिहास पोथीत लिहिला नाही, कारण पोथी त्यांच्या हाती येऊच दिली नव्हती. तो लोखंडावर उमटलेला आहे.

लोखंड कसे वाचायचे?

आधी साधी ओळख. हाताने घडवलेल्या औजारावर घणाचे उथळ ठसे राहतात. पृष्ठभाग उजेडात तिरका धरला की ते दिसतात. जाडी सगळीकडे सारखी नसते. साच्यातून निघालेल्या मालाच्या दोन्ही बाजू हुबेहूब असतात, हातघडणीच्या कधीच नसतात.

जुन्या कुऱ्हाडीचे दांडा बसवायचे भोक बघा. तिथे लोखंडाची पट्टी वाकवून, तापवून, ठोकून एकजीव केल्याची पुसट रेघ सापडते. पुष्कळदा पात्याच्या कडेला वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरते पोलाद आत बसवलेले. पोलाद महाग होते, म्हणून ते लागेल तिथेच वापरायचे. हे धातुशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवलेले नव्हते, पण ते शास्त्रच होते.

‘पाणी देणे’ ही त्याच शास्त्राची दुसरी पायरी. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवायचे. घासून उजळलेल्या पात्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग चढत जातात. कोणत्या रंगावर थांबायचे ते हत्याराच्या कामावरून ठरते. वस्तऱ्याला कडकपणा हवा, छिन्नीला घाव सोसायची ताकद हवी. थर्मामीटर नसताना हा निर्णय डोळा घेत असे.

ऐरणीतही फरक असतो. गावच्या लोहाराची ऐरण बहुधा लोखंडाचा चौकोनी ठोकळा असे, खालच्या बाजूने लाकडाच्या ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेला. इंग्रजी ऐरणीला एका बाजूला शिंग असते, ज्यावर गोलाई देता येते. पाठीवर एक चौकोनी आणि एक गोल भोक असते. गोल भोकावर नाल धरून खिळ्यांची छिद्रे आरपार पाडता येतात. जुन्या इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर कधीकधी तीन आकडे कोरलेले आढळतात. समजा १-२-१० असे लिहिले आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. बेरीज ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. हत्यारावर बाणाच्या टोकाची खूण असेल तर ते ब्रिटिश सरकारी कोठारातले. शेफिल्डचे नाव असेल तर ते बोटीतून आलेले.

आता गावच्या लोहाराने घडवलेले हत्यार उलटसुलट करून बघा. कारखान्याचा शिक्का आहे, सरकारचा शिक्का आहे. घडवणाऱ्याचे नाव मात्र तुम्हाला बहुधा कुठेच सापडणार नाही.

झीज हीच स्वाक्षरी

नाव नाही, पण खूण आहे. ऐरणीची मधली पाठ खोलगट झालेली असेल, कडा गोलावलेल्या असतील, तर ती एका माणसाच्या हयातीची झीज नसते. बाप, मुलगा आणि नातू तिथे घाव घालत आलेले असतात. सांडशीचे जबडे बघा. एक चपटा, एक गोल, एक खाचेचा. प्रत्येक कामाला वेगळी सांडशी, आणि ती लोहाराने स्वतःच घडवलेली. हातोड्याचा दांडा अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला असतो. डावखुऱ्याचा दांडा वेगळ्या बाजूने झिजतो. कोण होता तो, हे सांगता येत नाही, पण तो होता हे नाकारता येत नाही.

म्हणून संग्रह करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: जुने हत्यार ग्राइंडरवर धरून चकचकीत करू नका. सैल गंज हलक्या हाताने काढा, तेलाचा हात फिरवा आणि थांबा. झीज घासून टाकली की ज्याचे श्रम जपायला निघालात त्याची शेवटची सहीही पुसली जाते.

जुन्या चाकूच्या पात्यावर कधीकधी बारीक तिरक्या रेघा दिसतात. तो चाकू आधी कानस होता. कोयत्यासाठी ट्रकचा जुना कमानपाटा वापरलेला असतो. टाकाऊ लोखंडातून धार काढणे हा लोहाराचा हातखंडा. आज पर्यावरणाच्या परिषदांत ज्याला ‘पुनर्वापर’ म्हणतात, ते गरिबाच्या भट्टीत कधीचेच चालू आहे.

भात्याचे चामडे कुणाचे?

आता प्रश्न विचारू या, जो प्रदर्शनातल्या पाटीवर नव्हता. लोहाराचा भाता कशाचा असतो? चामड्याचा. मेलेले जनावर गावातून ओढून नेण्याचे काम कुणावर लादले होते? महारांवर. चामडे कोण कमावत होते? ढोर. कातड्याचे काम कोण करत होते? चांभार. आणि भट्टीतला कोळसा? कोकणात जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावणारे हात प्रामुख्याने कातकऱ्यांचे होते.

उलट बाजूही पाहा. चांभाराची रापी आणि आरी कुठून आली? लोहाराच्या ऐरणीवरून. सुताराचा वाकस, न्हाव्याचा वस्तरा, मांगाची सुरी, कुणब्याचा फाळ आणि कुळवाची पास, सगळे त्याच ऐरणीवरून गेले. गाडीच्या चाकाला धाव बसवायची तर सुतार आणि लोहार एकत्र लागत. लोखंडी कडे लाल करून लाकडी चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरते. कड्याचा घेर चाकापेक्षा किती कमी ठेवायचा, हा हिशेब चुकला तर चाक फुटते किंवा धाव निसटते.

म्हणजे उत्पादनात हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. चांभारावाचून भाता नाही, भात्यावाचून आच नाही, आचेवाचून रापी नाही आणि रापीवाचून पुन्हा चांभार नाही. तरी त्यांच्यात रोटी नव्हती, बेटी नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्याला तर पाणवठाही नव्हता. कातड्याच्या भात्यातून येणारा वारा चालत होता, कातडे कमावणाऱ्याची सावली चालत नव्हती. ऐरणीजवळच्या डोणीत तापलेल्या लोखंडाला पाणी मिळत होते, पण माणसाला तेच पाणी मिळवण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

‘जातिव्यवस्था म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी’ असे सांगणारे आजही भेटतात. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी या युक्तिवादाची चिरफाड केली. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि एकावर एक रचते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याला हे पुस्तकातून पटत नसेल त्याने लोहाराचा भाता उघडून बघावा.

गावगाड्यात लोहाराचे स्थान वरच्या ओळीतले, सुतार-चांभारांच्या बरोबरीने ‘थोरल्या कासे’त मोजलेले. खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सगळी देवघेव नोंदलेली आहे. पण थोरल्या कासेतला असला तरी बलुतेदार मालक नव्हता. वर्षभर फाळ ठोकायचे, विळे पाजवायचे, आणि सुगीला पदर पसरून खळ्यावर उभे राहायचे. कामाचा दर तो ठरवू शकत नव्हता. त्याला मिळाले ते एवढेच, की आपल्याखाली आणखी कुणी आहे हे समाधान. श्रेणीबद्ध विषमतेचे गुपित यातच आहे. ती प्रत्येकाला थोडा अपमान देते आणि थोडा अहंकार देते, त्यामुळे सगळे मिळून तिच्याविरुद्ध उठत नाहीत.

कर्मार आणि कम्मार

लोहाराला धर्मशास्त्राने तरी काय दिले? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत कर्मार म्हणजे लोहार आहे. निषाद आहे, सोनार आहे, बुरूडकाम करणारा आहे, शस्त्र विकणारा आहे. ज्याच्या फाळाने अन्न पिकते त्याच्याच घरचे अन्न निषिद्ध! ‘आम्ही विश्वकर्म्याचे वंशज’ म्हणून अभिमानाने मिरवणाऱ्या आमच्या लोहार बांधवांनी ही यादी एकदा स्वतः वाचावी, एवढीच विनंती.

आणि आता दुसऱ्या परंपरेकडे पाहा. तथागतांनी आपल्या आयुष्यातले शेवटचे भोजन कुणाच्या हातचे घेतले? पावा नगरीतल्या चुंदाच्या. पाली साहित्यात त्याचे नाव येते चुंद कम्मारपुत्त, धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. त्या भोजनानंतर तथागतांचे दुखणे बळावले. लोक चुंदाला दोष देतील हे ओळखून त्यांनी आनंदाला सांगितले की, चुंदाच्या मनात अपराधाची भावना राहू देऊ नका. बोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन, दोन्ही सारख्याच मोलाची आहेत. एकीकडे कर्माराच्या अन्नाला हात लावू नका म्हणणारा ग्रंथ, दुसरीकडे मरणाच्या दारातही कम्माराच्या मुलाची प्रतिष्ठा राखणारा बुद्ध. अडीच हजार वर्षांनंतरही त्या कम्मारपुत्ताचे नाव आशियातल्या कितीतरी देशांत आदराने घेतले जाते.

ही परंपरा महाराष्ट्राच्या दगडातही आहे. कान्हेरीच्या लेण्यात कल्याणच्या एका लोहाराने दान दिल्याची नोंद ब्राह्मी लेखात आहे. जुन्नरच्या लेखात कासकारांच्या, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. ही माणसे आपला धंदा लपवत नव्हती, तो दगडावर कोरून घेत होती. आणि तो दगड कोरणारी छिन्नी कुणाची? अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत छिन्नीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. चित्रांचे कौतुक जग करते. पण बेसॉल्टसारख्या कठीण खडकावर छिन्नी वारंवार बोथट होते, पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन तयार करावी लागते. लोहाराच्या भट्टीवाचून ती लेणी झालीच नसती.

त्याच्याही मागे जाता येते. नागपूरजवळ नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी औजारे निघाली, आणि पुरलेल्या घोड्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. लोखंडाचे हे कसब मनुस्मृतीपेक्षा जुने आहे. ते कुणा वर्णाच्या देणगीतून आलेले नाही.

नालबंद: घोडा स्वाराचा, पाय कुणाच्या हाती?

‘नाल’ हा शब्द अरबी, ‘बंद’ फारसी. महाराष्ट्रात हे काम करणारे बहुतेक मुसलमान आणि तेही गरीब. घोड्याचा नाल अखंड, अर्धगोल, खिळ्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रे. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका पायाला दोन वेगळ्या पातळ पत्र्या, चार पायांना मिळून आठ. जुन्या बाजारात स्वल्पविरामासारखा चपटा तुकडा दिसला तर तो मोडका नाल समजून टाकू नका, ती बैलाची पत्री आहे.

बैलाला दोराने आडवे पाडतात, पाय बांधतात, वाढलेले खूर तासतात, पत्री बसवतात आणि खिळा असा तिरका मारतात की तो खुराच्या कवचातून बाहेर यावा. बाहेर आलेले टोक वळवून चेपतात. खिळा जरा आत गेला तर जिवंत मांसात शिरतो आणि बैल लंगडा होतो. नालबंदाकडे लहान हातोडा, पक्कड, कानस आणि खूर तासायचे पाते एवढाच संसार असतो. त्यातले पाते बहुधा सर्वांत झिजलेले असते. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात डांबरी रस्त्यावर बैलांचे खूर झिजतात, तेव्हा हा माणूस आजही लागतो.

मराठ्यांच्या घोडदळाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. शिलेदाराला घोड्याच्या खर्चासाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेला दफ्तरात ‘नालबंदी’ म्हणत. म्हणजे नालबंदाचा धंदा जमाखर्चात शिरला. पण मोहिमांच्या बखरी सरदारांच्या नावांनी भरल्या, आणि त्या घोड्यांचे पाय ज्यांच्या मांडीवर होते ते नालबंद बखरीबाहेरच राहिले. मराठ्यांचा इतिहास मुसलमानांविरुद्धचा इतिहास म्हणून विकणाऱ्यांनी हा नाल हातात घेऊन सांगावे, तो कुणी ठोकला?

घण उचलणारी बाई

प्रदर्शनातला पुतळा पुरुष होता. घिसाड्यांच्या पालावर जाऊन बघा. नवरा सांडशीने तापलेले लोखंड धरून बसतो, छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि घण घालते ती बाई. अंगावर पिणारे मूल असले तरी घालते. पूर्वी चामड्याचा भाता होता, आता कित्येक ठिकाणी सायकलच्या चाकावर फिरवायचा पंखा आहे. फिरवणारे हात मात्र बहुधा पोरांचे आहेत, आणि त्या वेळी शाळा भरलेली असते. घिसाडी आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पण ज्याला कायमचा पत्ता नाही त्याला दाखला मिळवताना नाकीनऊ येतात. आमच्याकडे दाखल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाकडे आजोबांची ऐरण होती, आजोबांचा कागद नव्हता. कार्यालयाने कागद मागितला. ऐरण पुरावा धरत नाहीत!

मग करायचे काय?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. १८ पारंपरिक धंद्यांत लोहार आहे, हातोडा आणि औजारे करणारा आहे. औजारांसाठी १५,००० रुपये, आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. गरजू कारागिराने हे पैसे जरूर घ्यावेत, तो त्याचा हक्क आहे. आमचा आक्षेप कुटुंबातून चालत आलेल्या धंद्याच्या गौरवावर आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हणून ओळखले, आंदोलन केले आणि १९५४ साली ती गुंडाळावी लागली. लोहाराच्या मुलाने लोहार व्हावे ही अपेक्षा लाडाने सांगितली तरी ती बेडीच आहे. बेडीही शेवटी ऐरणीवरच घडते.

बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. १९४५ सालच्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात त्यांनी ठामपणे मांडले की, माणसाला पशूसारख्या राबण्यातून सोडवून विचार करायला फुरसत मिळायची असेल तर यंत्र हवे. म्हणून भाता गेला आणि पंखा आला याचे आम्हाला दुःख नाही. पंखा आला तरी पोर शाळेत गेले नाही, याचा आम्हाला संताप आहे. लोहारकाम ज्याला आवडते त्याने, मग तो कुठल्याही जातीचा असो, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ते शिकावे. आणि घिसाड्याच्या मुलीला धातुशास्त्राची इंजिनिअर व्हायचे असेल तर तिच्या वाटेत पाल आड येऊ नये.

आमची मागणी साधी आहे. ज्यांच्याकडे जुनी औजारे आहेत त्यांनी ती कुठल्या गावची, कुणाच्या घरची, कुणी वापरली हे विचारून लिहून ठेवावे, आणि घरच्यांची हरकत नसेल तर नावासकट. संग्रहालयांनी भात्याशेजारी चामडे कमावणाऱ्याचा उल्लेख करावा, घणाशेजारी बाईचा, नालाशेजारी नालबंदाचा. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून औजारांची गावोगावची नावे गोळा करावीत, कारण ऐरणीबरोबर शब्दही भंगारात चालले आहेत.

आणि पुढच्या वेळी ऐरणीवर हात ठेवून फोटो काढाल तेव्हा तळहाताखालचा खोलगटपणा जरा चाचपून बघा. तिथे एका माणसाचे आयुष्य झिजलेले आहे. त्याला पुतळा नको होता. त्याला मजुरी हवी होती, शाळा हवी होती आणि सगळ्यांसारखे पाणवठ्यावर यायचे होते.

जय भीम!